एक लायब्ररी, दोन क्रमांक



संगणकावरचा कोणताही प्रोग्रॅम एकट्याच्या बळावर चालत नाही. साधे एक वेबपान उघडायचे तरी नेटवर्कवरून मजकूर आणणारा भाग लागतो, तो मजकूर वाटेत कोणी वाचू नये म्हणून सांकेतिक करणारा भाग लागतो, चित्र उलगडणारा आणि पडद्यावर अक्षरे मांडणारा भाग लागतो. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये हे पुन्हा लिहीत बसण्याऐवजी ते एकदाच लिहून वेगळ्या फायलीत ठेवतात आणि शेकडो प्रोग्रॅम ती एकच फाइल वापरतात. तिला शेअर्ड लायब्ररी म्हणतात. अशा लायब्ररीवर कोणता क्रमांक घालायचा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. सॉफ्टवेअरची आठवी आवृत्ती निघाली, तर आतल्या लायब्ररीवरही आठच घालावा. एक वस्तू, एक क्रमांक, हिशेब संपला. पण प्रत्यक्षात काय दिसते? लिनक्सवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी जीलिबसी ही मूळ लायब्ररी घ्या. तिची २.० ही आवृत्ती १९९७ मध्ये आली आणि २.४० ही २०२४ मध्ये. या सगळ्या काळात लायब्ररीच्या फायलीचे नाव मात्र लिबसी.एसओ.६ असेच राहिले. आवृत्ती दोनच्या घरात, लायब्ररी सहावर, आणि सहा तो सहाच. हा गोंधळ आहे की शिस्त? शिस्तच आहे. रिलीज क्रमांक, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, माणसांशी बोलतो; लायब्ररी क्रमांक प्रोग्रॅमशी बोलतो. ऐकणारे वेगळे, म्हणून क्रमांकही वेगळे, आणि ते बदलण्याची कारणेही वेगळी.

पहिला मुद्दा: लायब्ररीला स्वतंत्र क्रमांकाची गरजच का पडते?

प्रोग्रॅम तयार करण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत लायब्ररीचा हवा तेवढा भाग प्रोग्रॅमच्या फायलीतच उतरवून घेतात. अशा प्रोग्रॅमला पुढे कोणावर अवलंबून राहावे लागत नाही. पण लायब्ररीत चूक सापडली की तिचा वापर करणारा प्रत्येक प्रोग्रॅम नव्याने बांधावा लागतो. दुसऱ्या रीतीत लायब्ररी बाहेरच राहते आणि प्रोग्रॅम सुरू होताना जोडली जाते. डिस्क वाचते, मेमरी वाचते, आणि लायब्ररीतली दुरुस्ती एका जागी केली की सगळ्यांना लागू होते.

या सोयीची किंमतही आहे. प्रोग्रॅम एकाने आज बांधला, लायब्ररी दुसऱ्याने चार वर्षांनी बदलली, आणि दोघांची गाठ तिसऱ्याच्याच संगणकावर पडली. ही गाठ जुळेल याची हमी कोणी द्यायची? ती हमी म्हणजेच लायब्ररीवरचा क्रमांक.

हमी नेमकी कशाची, हे एका छोट्या उदाहरणावरून दिसते. चित्रे हाताळणारी एक लायब्ररी आहे असे समजू. तिच्यात चित्राची माहिती ठेवणारी एक रचना आहे: आधी रुंदी, मग उंची, दोन्ही चार-चार बाइटच्या. रुंदी शून्याव्या बाइटपासून सुरू होते, उंची चौथ्यापासून, एकूण जागा आठ बाइट. प्रोग्रॅम बांधला जातो तेव्हा हे आकडे त्याच्या यंत्रभाषेत कायमचे कोरले जातात. रुंदी, उंची ही नावे त्यात उरत नाहीत. उरतात ते शून्य, चार आणि आठ हे आकडे. आता लायब्ररीच्या लेखकाने रचनेच्या सुरुवातीला चित्राचा प्रकार सांगणारी चार बाइटची एक नोंद घातली. मूळ कोड वाचणाऱ्याला यात गैर काही दिसणार नाही. प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला तर तो उत्तम चालेल. पण आधी बांधून ठेवलेला प्रोग्रॅम? तो शून्याव्या बाइटवर रुंदी शोधेल आणि त्याला प्रकार मिळेल. चौथ्या बाइटवर उंची शोधेल आणि रुंदी मिळेल. शिवाय त्याने जागा राखली आठ बाइटची, आणि नवी लायब्ररी लिहिणार बारा. उरलेले चार बाइट शेजारच्या मेमरीत घुसतील. कुठेही चूक दाखवणारा संदेश येणार नाही. प्रोग्रॅम कधी बंद पडेल, कधी चुकीचे चित्र दाखवेल, कधी दुसऱ्याच एखाद्या ठिकाणी कोसळेल.

यावरून दोन करार वेगळे करता येतात. मूळ कोडच्या पातळीवरचा करार म्हणजे एपीआय. बांधून तयार झालेल्या यंत्रभाषेच्या पातळीवरचा करार म्हणजे एबीआय. वरच्या उदाहरणात एपीआय शाबूत आहे, एबीआय मोडला आहे. लायब्ररी क्रमांक या दुसऱ्या कराराचा आहे. करार मोडला तर क्रमांक बदलायचा. करार टिकला तर आत कितीही उलथापालथ झाली तरी क्रमांकाला हात लावायचा नाही. जमिनीच्या गट नंबरासारखे हे आहे: पीक दर हंगामात बदलते, मालकही बदलतो, पण हद्द हलल्याशिवाय नंबर हलत नाही.

दुसरा मुद्दा: हा क्रमांक राहतो कुठे आणि काम कसे करतो?

सन कंपनीच्या सनओएस ४.० मध्ये, म्हणजे १९८८ मध्ये, शेअर्ड लायब्ररीच्या नावामागे दोन आकडे असत, मोठा आणि छोटा. प्रोग्रॅम सुरू होताना मोठा आकडा तंतोतंत जुळवला जाई आणि छोटा आकडा निदान तेवढा तरी आहे ना, हे पाहिले जाई. पुढे युनिक्सच्या सिस्टीम व्ही रिलीज ४ ने ईएलएफ हा फायलींचा प्रकार आणला आणि लायब्ररीची ओळख तिच्या पोटातच लिहायची सोय झाली. या ओळखीला एसओ-नेम म्हणतात. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर लिनक्सनेही ईएलएफ स्वीकारले आणि तीच पद्धत आजही चालू आहे.

लिनक्सवर एकाच लायब्ररीला तीन नावे असतात. झेडलिब या दाबून साठवण करणाऱ्या लायब्ररीवर ती छान दिसतात. खरी फाइल लिबझेड.एसओ.१.२.१३ अशी असते. तिच्यात नेमका कोणता कोड आहे ते या नावावरून कळते. तिच्याकडे बोट दाखवणारे दुसरे नाव लिबझेड.एसओ.१, हे एसओ-नेम. तिसरे नाव नुसते लिबझेड.एसओ, ते फक्त नवा प्रोग्रॅम बांधणाऱ्याला लागते.

गंमत आहे ती या तिघांच्या कामाच्या वाटणीत. प्रोग्रॅम बांधताना लिंकर तिसऱ्या नावाने फाइल शोधतो, तिच्या पोटातले एसओ-नेम वाचतो आणि प्रोग्रॅममध्ये तेवढेच लिहून ठेवतो: ‘मला लिबझेड.एसओ.१ लागते.’ १.२.१३ चा उल्लेखही नाही. प्रोग्रॅम चालू होताना सिस्टीम या दुसऱ्या नावाने फाइल उघडते. नंतर १.३ आली, एलडीकॉन्फिग या आज्ञेने दुसरे नाव नव्या फायलीकडे वळवले, की सगळे जुने प्रोग्रॅम नवा कोड वापरू लागतात. कोणालाही पुन्हा बांधावे लागत नाही. आणि एखाद्या दिवशी करार खरोखरच मोडला, तर नवी लायब्ररी २ या क्रमांकाने शेजारी येऊन बसते. जुने प्रोग्रॅम १ मागतात, नवे २ मागतात. दोन्ही एकाच संगणकावर सुखाने नांदतात.

या सगळ्या व्यवहारात रिलीज क्रमांकाला कुठे काम आहे? खऱ्या फायलीच्या नावात तो दिसला तर दिसला. जोडणी ठरवताना त्याला कोणी विचारत नाही.

तिसरा मुद्दा: क्रमांक वाढवायचा कसा?

जीएनयू लिबटूल या साधनाने यासाठी तीन आकड्यांची पद्धत घालून दिली आहे: चालू, दुरुस्ती आणि वय. ‘चालू’ म्हणजे जाहीर केलेल्या इंटरफेसचा सर्वांत नवा क्रमांक. ‘दुरुस्ती’ म्हणजे त्याच इंटरफेसमागच्या कोडचा कितवा अवतार. ‘वय’ म्हणजे मागचे किती इंटरफेस अजून चालतात. लिनक्सवर एसओ-नेममधला आकडा निघतो तो चालूमधून वय वजा करून.

एका काल्पनिक लायब्ररीचा प्रवास पाहू. पहिली आवृत्ती ०:०:०. एक चूक दुरुस्त केली, इंटरफेस तोच. झाले ०:१:०, फाइल संपते ०.०.१ वर. मग एक नवे फंक्शन घातले, जुने सगळे जसेच्या तसे. इंटरफेस बदलला म्हणून चालू एकाने वाढला, दुरुस्ती शून्यावर आली, आणि जुने चालते म्हणून वयही एकाने वाढले: १:०:१. एकातून एक गेला, एसओ-नेम अजून शून्यच. जुन्या प्रोग्रॅमला काही कळलेही नाही, आणि ते बरोबरच आहे. आता एक जुने फंक्शन काढून टाकले. चालू झाला दोन, दुरुस्ती शून्य, वयही शून्य, कारण मागचे आता काहीच चालत नाही. एसओ-नेम शून्यावरून थेट दोनवर गेले. मधला एक कुठे गेला? कुठेही नाही. एक क्रमांकाचा इंटरफेस होऊन गेला, पण त्यासाठी करार मोडावा लागला नव्हता.

नव्याने शिकणारा येथे हमखास अडखळतो. ‘आमची आवृत्ती ३.२.१ आहे, म्हणून लिबटूललाही ३:२:१ द्यावे’ हा मोह फार जणांना होतो. लिबटूलची मार्गदर्शिका असे करण्यास स्पष्ट मनाई करते. कारण ते तीन आकडे आवृत्तीचे नाहीतच. ३:२:१ याचा लिबटूलच्या दृष्टीने अर्थ ‘तिसरा इंटरफेस, दुसरी दुरुस्ती, मागचा एक इंटरफेस चालतो’ असा होतो. तो खरा असेल तर निव्वळ योगायोगाने.

चौथा मुद्दा: दोन क्रमांक वेगळे ठेवल्याने काय साधते आणि मिसळल्याने काय बिघडते? येथे प्रत्यक्ष उदाहरणेच बोलतील.

पहिले उदाहरण लिबकर्लचे. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारी ही लायब्ररी डॅनियल स्टेनबर्ग यांच्या कर्ल प्रकल्पाची. ऑक्टोबर २००६ मध्ये ७.१६.० या आवृत्तीत एक जुनी सोय काढून टाकली आणि एसओ-नेम ३ वरून ४ झाले. त्यानंतर आवृत्त्यांवर आवृत्त्या आल्या. मार्च २०२३ मध्ये, कर्लला पंचवीस वर्षे झाली त्या दिवशी, ८.० आली. सातचे आठ झाले, म्हणजे मोठी मोडतोड झाली असेल? मुळीच नाही. मधला आकडा ८८ पर्यंत चढून शंभराकडे निघाला होता आणि वाढदिवसाचा मुहूर्त होता. एबीआय तसाच होता, म्हणून लायब्ररी लिबकर्ल.एसओ.४ अशीच राहिली. रिलीज क्रमांकाने उत्सव केला, लायब्ररी क्रमांकाने करार पाळला. दोघे एकमेकांना बांधलेले असते, तर वाढदिवसापायी जगभरचे असंख्य प्रोग्रॅम पुन्हा बांधावे लागले असते.

दुसरे उदाहरण मजकूर सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीचे, आणि ते उलट बाजूचे आहे. २०१० मध्ये तिची १.० ही मालिका सुरू झाली आणि लायब्ररीचे एसओ-नेम ठेवले लिबएसएसएल.एसओ.१.०.०, हुबेहूब रिलीज क्रमांकासारखे. २०१२ मध्ये १.०.१ आली, २०१५ मध्ये १.०.२. दोन्ही आधीच्या एबीआयशी जुळणाऱ्या होत्या, म्हणून एसओ-नेम बदलले नाही. तांत्रिकदृष्ट्या हे अगदी योग्य झाले. पण परिणाम काय? फायलीच्या नावात १.०.०, आत कोड १.०.१ चा.

एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हा दोष जाहीर झाला. तो १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत होता; १.०.० मध्ये नव्हता. अशा वेळी सर्व्हर सांभाळणारा माणूस फाइल पाहतो, नावात १.०.० वाचतो आणि आपण सुटलो असे समजतो. नाव खोटे बोलत नव्हते. ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देत होते. आणखी एक पदर असा की डेबियन या लिनक्स वितरणाने हा दोष १.०.१ई या आपल्या जुन्या आवृत्तीतच दुरुस्त करून दिला. तेथे रिलीज क्रमांक दोषाच्या यादीत बसत होता, कोड मात्र निर्दोष झाला होता. खात्री करायची तर पॅकेजचा पूर्ण क्रमांक पाहावा लागे. म्हणजे एका फायलीबद्दल तीन प्रश्न आणि तीन वेगळी उत्तरे: करार कोणता, आवृत्ती कोणती, दुरुस्ती कितवी. पुढे ओपनएसएसएलने नावे आखूड केली. १.१.० आणि १.१.१ या दोन्हींसाठी लिबएसएसएल.एसओ.१.१, आणि २०२१ च्या ३.० पासून नुसते लिबएसएसएल.एसओ.३.

तिसरे उदाहरण जेपेग चित्रांचे. १९९८ मध्ये आलेल्या ६बी या आवृत्तीची लायब्ररी लिबजेपेग.एसओ.६२ या नावाने ओळखली जाते. सहाचा बी म्हणजे ६२ अशी ती जुळणी. मूळ प्रकल्प नंतर सात, आठ, नऊ असा पुढे गेला आणि त्याने एबीआयही बदलला. दरम्यान लिबजेपेग-टर्बो हा वेगळा, अधिक वेगवान प्रकल्प उभा राहिला. त्याची आवृत्ती १ निघाली, २ निघाली, ३ निघाली. पण नेहमीच्या बांधणीत तो आजही ६२ हाच क्रमांक लावतो, कारण त्याने १९९८ चाच करार पाळला आहे. लेखक बदलले, कोड बदलला, प्रकल्पाचे नावही बदलले. टिकला तो करार, म्हणून टिकला तो क्रमांक.

चौथे उदाहरण ध्वनी आणि चित्रफिती हाताळणाऱ्या एफएफएमपेगचे. २०२३ च्या ६.० या एका आवृत्तीत लिबएव्हीकोडेक ६० वर होती, लिबएव्हीयुटिल ५८ वर, लिबएव्हीफिल्टर ९ वर आणि लिबस्वस्केल ७ वर. एका छताखाली अनेक लायब्ररी असल्या की प्रत्येकीचा करार आपापल्या वेळी मोडतो. या सगळ्यांवर सहा घालून भागले असते का? ज्या लायब्ररीत काहीच बदलले नाही, तिच्यावर अवलंबून असणाऱ्यांना उगाच भुर्दंड पडला असता.

पाचवा मुद्दा: क्रमांक फार वेळा बदलणे आणि कधीच न बदलणे, यांत शहाणपण कोणते?

मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या रोजच्या वापरातल्या दोन लायब्ररी येथे समोरासमोर ठेवता येतात. हार्फबझ ही अक्षरे मांडणारी लायब्ररी. ‘क्ष’ किंवा ‘र्‍या’ यांसारखे जोडाक्षर पडद्यावर नीट उमटते, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी जाऊन बसते, रफार योग्य जागी चढतो, ते फायरफॉक्स, क्रोम आणि लिब्रेऑफिसमध्ये तिच्यामुळे. दुसरी आयसीयू, म्हणजे इंटरनॅशनल कॉम्पोनंट्स फॉर युनिकोड. दवाखान्यातला तो विभाग येथे अभिप्रेत नाही. मराठी तारखा, मराठी आकडे, शब्दांची अकारविल्हे रचना हे तिचे काम.

हार्फबझ २०१५ मध्ये १.० झाली आणि पुढे दहाच्याही वर गेली, तरी एसओ-नेम लिबहार्फबझ.एसओ.० हेच आहे. तिच्या कर्त्यांनी जुने फंक्शन काढायचे नाही, फक्त नवे घालायचे असा दंडक पाळला. आयसीयूचा मार्ग याच्या अगदी विरुद्ध. तिची प्रत्येक मोठी आवृत्ती नव्या एसओ-नेमने येते. इतकेच काय, तिच्या फंक्शनांच्या नावांनाही आतून आवृत्तीचा आकडा चिकटवलेला असतो, म्हणजे दोन आवृत्त्या एकाच प्रोग्रॅममध्ये आल्या तरी एकमेकींच्या पायात येत नाहीत. तिच्या इतिहासात एक मजेदार वळणही आहे. २०११ ची आवृत्ती होती ४.८ आणि लायब्ररीवर क्रमांक होता ४८. पुढची आवृत्ती २०१२ मध्ये आली ती ४.९ किंवा ५.० या नावाने न येता थेट ४९ या नावाने. येथे रिलीज क्रमांकच लायब्ररीच्या क्रमांकाला शरण गेला!

यातले बरोबर कोण? दोघेही, कारण दोघांनीही आपण काय वचन देतो ते स्पष्ट ठेवले. पण किंमत वेगवेगळी आहे. आयसीयू बदलली की तिच्यावर उभे असलेले प्रत्येक पॅकेज पुन्हा बांधावे लागते. लिनक्स वितरणांत या उपद्व्यापाला ट्रान्झिशन म्हणतात. हार्फबझमध्ये तो खर्च नाही, पण एकदा दिलेले फंक्शन कायमचे सांभाळण्याचा भार कर्त्यांच्या माथी आहे.

क्रमांक न बदलता करार मोडणे हा सर्वांत वाईट पर्याय. त्यात प्रोग्रॅम चालू तर होतो, आणि मग नकळत चुकतो. क्रमांक विनाकारण बदलणे हा त्याहून सौम्य दोष. त्यात प्रोग्रॅम सुरूच होत नाही, निदान बिघाड लगेच कळतो. मात्र एकाच प्रोग्रॅममध्ये एक भाग जुना क्रमांक मागतो आणि दुसरा भाग नवा, अशी वेळ आली तर दोन्ही लायब्ररी मेमरीत येतात आणि सारख्या नावांची फंक्शने एकमेकांच्या जागी बोलावली जाण्याचा धोका उभा राहतो.

सहावा मुद्दा: संपूर्ण लायब्ररीला एक क्रमांक देण्याऐवजी एकेका फंक्शनला देता येईल का?

येतो. सिम्बॉल व्हर्जनिंग ही ती पद्धत, आणि जीलिबसी पंचवीसहून अधिक वर्षे ६ वर थांबू शकली ती तिच्याच जोरावर. १९९९ च्या २.१ पासून जीलिबसीतल्या प्रत्येक फंक्शनसोबत ते कोणत्या आवृत्तीपासून या रूपात आहे, ते नोंदलेले असते. एखाद्या फंक्शनचे वागणे बदलायचे ठरले तर जुने रूपही ठेवतात आणि नवेही घालतात. जुना प्रोग्रॅम जुने मागतो, त्याला जुने मिळते.

मेमसीपीवाय या फंक्शनची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. मेमरीचा एक तुकडा दुसरीकडे उतरवणे एवढेच त्याचे काम. दोन तुकडे एकमेकांवर आलेले असतील तर हे फंक्शन वापरू नये, असे सी भाषेचे मानक सांगते. काही प्रोग्रॅम हा नियम मोडत होते आणि तरीही निभावून जात होते, कारण जुना कोड नेहमी एकाच दिशेने उतरवत असे. २०१० च्या सुमारास वेग वाढवण्यासाठी नव्या प्रोसेसरांवर उलट दिशेने उतरवणारा कोड आला आणि फेडोरा १४ या लिनक्स वितरणावर ६४-बिट फ्लॅश प्लेयरचा आवाज फाटू लागला. चूक कोणाची? मानकाकडे बोट दाखवले तर प्रोग्रॅमची. ऐकणाऱ्याच्या कानाला विचारले तर लायब्ररीची. लिनक्सचे जनक लायनस टॉरवल्ड्स यांनी दुसरी बाजू घेतली होती. अखेर २०११ च्या २.१४ मध्ये तोडगा निघाला. जुन्या ६४-बिट प्रोग्रॅमना २.२.५ या शिक्क्याचे, तुकडे एकमेकांवर आले तरी सांभाळून घेणारे रूप मिळू लागले. नव्याने बांधलेल्यांना २.१४ या शिक्क्याचे.

याची दुसरी बाजूही अनेकांनी अनुभवलेली असते. नव्या लिनक्सवर बांधलेला प्रोग्रॅम जुन्या सर्व्हरवर नेला की ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि काम थांबते. फाइल तर दोन्हीकडे लिबसी.एसओ.६ हीच! करार पुढच्या दिशेने पाळलेला आहे: जुना प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर चालेल. उलट दिशेचे वचन कोणी दिलेले नव्हते.

सातवा मुद्दा: मूळ लेखकाने क्रमांक हलवला नाही, पण करार मात्र मोडला, तर निस्तरायचे कोणी?

हे काम वितरणांकडे येते. डेबियनमध्ये लायब्ररीच्या पॅकेजच्या नावातच एसओ-नेमचा आकडा असतो: लिबसी६, लिबएसएसएल३. झेडलिबचे पॅकेज मात्र झेडलिब१जी. हा ‘जी’ कशाचा? जुन्या लिबसी ५ कडून ६ कडे, म्हणजे जीलिबसीकडे, जाताना झेडलिबचा स्वतःचा आकडा १ च राहिला, पण ती ज्या पायावर उभी होती तो पाया बदलला. नव्या पायावरची प्रत ओळखता यावी म्हणून हे शेपूट जोडले. स्थलांतर १९९८ मध्ये पार पडले. शेपूट आजही आहे.

अगदी तसाच प्रकार अलीकडे घडला. ३२-बिट संगणकांवर वेळ मोजणारा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी भरून जाणार आहे. तो ६४ बिटांचा करायचा ठरला आणि ज्या ज्या लायब्ररी वेळ घेतात वा देतात, त्यांचा ३२-बिटवरचा एबीआय एका फटक्यात बदलला. मूळ प्रकल्पांनी एसओ-नेम बदलले नव्हते. म्हणून २०२४ मध्ये पॅकेजांची नावे बदलली गेली आणि उबुंटू २४.०४ मध्ये लिबएसएसएल३टी६४ असे नाव दिसू लागले. एसओ-नेम तेच, रिलीज क्रमांक तोच, बदलला तो तिसरा, वितरणाचा शिक्का.

पॅकेजच्या नावाने एसओ-नेमची साथ सोडली तर काय होते, त्याचाही नमुना आहे. डेबियनमध्ये लिबकर्ल.एसओ.४ ही लायब्ररी बरीच वर्षे लिबकर्ल३ या नावाच्या पॅकेजमधून मिळत होती. ती लिबकर्ल४ झाली २०१८ मध्ये.

विंडोजवरही वारे फार वेगळे नाहीत. तिथल्या शेअर्ड लायब्ररीला डीएलएल म्हणतात. एका प्रोग्रॅमने आणलेली डीएलएल दुसऱ्याची डीएलएल पुसून टाकते, या छळाला ‘डीएलएल हेल’ असे नावच पडले होते. नंतर शिस्त आली. व्हिज्युअल स्टुडिओचे नाव २०१५, २०१७, २०१९, २०२२ असे बदलत गेले. त्याची मूळ रनटाइम लायब्ररी या चारही आवृत्त्यांत व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल याच नावाची राहिली.

आता एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेले सिमेंटिक व्हर्जनिंग आज सर्वत्र रुजले आहे. त्यात करार मोडला की पहिला आकडा वाढवावाच लागतो. मग रिलीज क्रमांकच करार सांगत असताना दुसरा क्रमांक कशाला? आक्षेप वजनदार आहे, पण तीन ठिकाणी अपुरा पडतो. एक, सिमेंटिक व्हर्जनिंग बहुतेक वेळा एपीआयपुरते पाळले जाते. रचनेच्या सुरुवातीला घातलेली चार बाइटची नोंद एपीआयला दिसतही नाही. दोन, एका प्रकल्पात अनेक लायब्ररी असल्या तर एक आकडा सगळ्यांचे खरे सांगू शकत नाही. तीन, रिलीज क्रमांकावर माणसांचा हक्क आहे. नवी कल्पना जाहीर करायची असते, वाढदिवस असतो, मधला आकडा फार फुगलेला असतो. हा हक्क काढून घेतला तरी मोह राहतोच.

सगळे एकत्र बांधायचे तर चार गोष्टी हाती राहतात. लायब्ररी क्रमांक हा बांधून तयार असलेल्या प्रोग्रॅमला दिलेला शब्द आहे आणि तो एबीआय मोडल्यावरच बदलायचा. इंटरफेसमध्ये भर पडली तर त्याची नोंद ठेवायची, पण एसओ-नेम हलवायचे नाही. एका प्रकल्पातल्या प्रत्येक लायब्ररीचा हिशेब स्वतंत्र ठेवायचा. आणि करार मोडला की नाही हे अंदाजाने ठरवायचे नाही. जुन्या आणि नव्या लायब्ररीची तुलना करणारी एबीआयडिफसारखी साधने उपलब्ध आहेत, ती प्रत्येक आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वी चालवायची. त्या तुलनेत काही मोडलेले दिसले नाही, तर रिलीज क्रमांक हवा तेवढा वाढवावा. लायब्ररी क्रमांक आहे तिथेच ठेवावा.